पाणी ३० फुटांवर, मन ५७ फुटांवर : विचार आणि शांती यांचं नक्की नातं काय?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी.

कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की सांगलीत नदीकाठच्या गल्ल्यांत दरवर्षी एकच गोष्ट घडते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पातळी असते ३० फूट. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. म्हणजे इशाऱ्यालाही अजून १० फूट बाकी. पण झोप तेव्हाच उडालेली असते, कारण मनातलं पाणी २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराच्या ५७ फुटांवर जाऊन पोचलेलं असतं. पूर येवो न येवो, त्या रात्री जो त्रास होतो तो नदीतल्या पाण्याचा नसतोच.

'अनुभव परिस्थितीतून नाही, विचारातून घडतो' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते पटतंही. पण पुढे करायचं काय, हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून नेमकं विचारते :

१. विचार पकडायचा कसा? तो इतका झटकन येतो की भीती तेवढी जाणवते, विचार दिसतच नाही.
२. धोका खरा असेल तर? पाणी विचाराने उतरत नाही.
३. विचार चुकीचा आहे हे कळूनही तो जात नसेल तर काय?

'सकारात्मक राहा' एवढंच सांगायचं असेल तर कृपया नको. पद्धत सांगा, आणि ती कुठे फसते तेही सांगा.

विवेकवेल (विटा)

चांगला धागा. पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी पद्धत मांडली, तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती रुजवली. मूळ कल्पना ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसची : माणूस घटनांनी नाही, घटनांविषयीच्या मतांनी अस्वस्थ होतो. एलिस यांनी त्याचा रोज वापरता येईल असा तक्ता केला. वहीच्या पानावर तीन उभे रकाने आखा.

घटना : आयर्विनला ३० फूट, पाणी चढतंय.
विचार : 'पुन्हा तसंच होणार. ह्या वेळी मला सहनच होणार नाही.'
परिणाम : छातीत धडधड, झोप नाही, दर १० मिनिटांनी मोबाइल.

भरताना उलटं भरा. आधी परिणाम, कारण तोच आधी जाणवतो. मग घटना. शेवटी मधला रकाना. 'ही घटना घडल्यावर आणि छाती धडधडण्याआधी मी स्वतःशी काय बोलले?' असं विचारलं की वाक्य सापडतं.

इथे हमखास तीन चुका होतात.

पहिली, घटनेच्या रकान्यात मत शिरतं. 'भयंकर पाणी वाढलंय' ही घटना नाही, '३० फूट' ही घटना. जे फोटोत दिसेल किंवा मोजता येईल तेवढंच तिथे लिहायचं.

दुसरी, विचाराच्या रकान्यात भावना लिहिली जाते. 'मला भीती वाटली' हा विचार नाही, परिणाम आहे.

तिसरी सगळ्यात मोठी. विचार प्रश्नाच्या रूपात लिहिला जातो : 'पाणी आलं तर?' प्रश्न तपासता येत नाही. त्याचं विधान करा : 'पाणी येईल आणि मी काहीच करू शकणार नाही.' आता ते खरं की खोटं, किती खरं, हे बघता येतं.

विधानापुढे किती खरं वाटतं तो आकडा लिहा, शंभरापैकी. समजा ९०. मग तीन प्रश्न. ह्याला पुरावा काय, आणि विरुद्ध पुरावा काय? एकातून दुसरं खरंच निघतं का, म्हणजे ३० वरून ५७ होतातच का? आणि हे वाक्य धरून ठेवल्याने आज रात्री माझं कुठलं काम होणार आहे? त्यानंतर आकडा पुन्हा लिहा. ९० चा ६० झाला तरी पुष्कळ. शून्य होण्याची वाट बघू नका.

पेठेतला (सांगली)

वाचायला बरं आहे ताई. पण दारात पाणी आल्यावर कोण रकाने आखत बसतंय?

विवेकवेल (विटा)

पेठेतला, दारात पाणी आल्यावर आखायचेच नाहीत. तेव्हा सामान वर न्यायचं. हे काम जूनमधलं आहे, आठवड्यात चार दिवस, एका वेळी पंधरा मिनिटं, आणि तेही छोट्या गोष्टींवर. कोणी फोन उचलला नाही, दुकानात उधारी मागताना बोलणं झालं, असल्या गोष्टींवर हात बसला की मोठ्या वेळी वाक्य आपोआप दिसतं. पोहायला विहिरीत शिकतात, पुरात नाही.

आणि एक खूण मराठीतच आहे. एलिस ज्याला अट्टहासी विचार म्हणतात, तो आपल्याकडे 'च' ह्या एका अक्षरात मावतो. 'पाणी येताच कामा नये.' 'त्याने मान दिलाच पाहिजे.' 'मला जमलंच पाहिजे.' लिहिलेल्या वाक्यातल्या 'च'ला गोल करा. मग तोच विचार 'च'शिवाय लिहा : 'पाणी येऊ नये असं मला मनापासून वाटतं, पण येऊ नये असा नियम नाही. आलं तर नुकसान होईल, ते मला आवडणार नाही, आणि मी ते निस्तरेन.' इच्छा तेवढीच तीव्र राहते, फक्त जगाला दिलेला हुकूम निघून जातो. त्यातून काळजी उरते, धास्ती नाही. काळजी माणसाला कामाला लावते, धास्ती जागच्या जागी खिळवते. शांती म्हणजे काळजी शून्य होणं, असं मी तरी मानत नाही.

मेणवली (वाई)

एक शंका. 'रक्तदाबाची गोळी रोज घेतलीच पाहिजे', ह्यातला च पण काढायचा का?

विवेकवेल (विटा)

छान शंका. नाही. तिथे मागे एक 'जर' आहे : रक्तदाब आटोक्यात हवा असेल तर गोळी घेतलीच पाहिजे. हा अटीचा च. त्रासदायक च च्या मागे 'जर' सापडत नाही. 'सुनेने मला विचारलंच पाहिजे.' का? 'पाहिजे म्हणजे पाहिजे.' तिथे गोल करा.

यवतेश्वर (सातारा)

विवेकवेल यांच्या पद्धतीत एक भर.

साताऱ्यातून सज्जनगड रोज नजरेला पडतो, म्हणून हे सुचलं असेल. समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत आणि ते मनाला हाक मारून, 'तू' म्हणून बोलतात. लहानपणी पाठ केले तेव्हा हे लक्षात येत नाही, पण ही नुसती काव्याची लकब नाही. 'मी संपलो' ह्या वाक्यात बोलणारा आणि विचार एकच असतात. 'मना, तू आत्ता संपलो संपलो म्हणतोयस' म्हटलं की ऐकणारा वेगळा होतो. स्वतःला 'मी' ऐवजी नावाने किंवा 'तू' म्हणून संबोधलं की घाबरलेल्या प्रसंगात डोकं जास्त थंड राहतं, असं आजचे मानसशास्त्रज्ञही प्रयोगांतून सांगतात.

करायचं असं. स्वतःचं नाव घ्यायचं, मग 'तुला आत्ता असं वाटतंय की…' आणि पुढे तो विचार जसाच्या तसा. मग एवढंच विचारायचं : 'आता पुढच्या अर्ध्या तासात तू काय करणार?' शक्य असेल तर ओठ हलवून, हळू आवाजात.

फसतं कुठे? सूर रागावल्यासारखा झाला तर. 'गाढवा, किती घाबरतोस' असं म्हटलं की ते अंतर नव्हे, मार झाला. धाकट्या भावंडाशी बोलावं तसा सूर हवा.

आनापान (मिरज)

इथे थोडा मतभेद नोंदवतो.

विचाराशी वाद घालत बसलं तर तो वादातच मोठा होतो. वही भरता भरता नवे पंचवीस विचार उभे राहतात. विपश्यनेच्या दृष्टीने बघा : विचार आणि त्रास यांच्यामध्ये शरीरावरची संवेदना असते. 'पूर येणार' हा विचार आला की पोटात गोळा येतो, छाती आवळते, आणि मन खरं तर त्या गोळ्याला नको म्हणत असतं. ती संवेदना नको न म्हणता पाहता आली, तर विचार नुसता आवाज उरतो.

इगतपुरीच्या धम्मगिरीला किंवा अशा केंद्रांत दहा दिवसांचं शिबिर असतं. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना देतात. म्हणजे मन बारीक व्हायलाच तीन दिवस लागतात, हे लक्षात घ्या. घरी सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. पाठ सरळ, डोळे मिटून, नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठावर श्वासाचा स्पर्श कुठे होतो तेवढंच बघायचं. मन गेलं की परत आणायचं. चाळीस वेळा गेलं तर चाळीस वेळा आणायचं, तोच व्यायाम आहे.

चुका : श्वास मुद्दाम लांब करणं, 'अजून शांत का वाटत नाही' हे दर मिनिटाला तपासणं, आणि झोप येण्यासाठी गादीवर पडून करणं.

मेणवली (वाई)

म्हणजे एक म्हणतात विचार तपासा, दुसरे म्हणतात सोडून द्या. करायचं काय?

विवेकवेल (विटा)

दोन्ही, पण क्रमाने. एखादा विचार पहिल्यांदा आला तर तपासा, तो माहिती घेऊन आलेला असू शकतो. तोच विचार तिसऱ्यांदा आला, उत्तरही तेच आहे आणि करण्यासारखं नवं काहीच नाही, तर तो आता प्रश्न राहिलेला नाही, घोकणं झालं. तिथे वही मिटा आणि आनापान म्हणतात ते करा. घोकण्याला उत्तर देत राहिलं की ते वाढतं, ह्याबाबत मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

द्राक्षवेल (तासगाव)

तिसऱ्या प्रश्नासाठी सर्वात कामाची गोष्ट अजून आली नाही, ती म्हणजे चिंतेची वेळ ठरवणं.

आधी हे समजून घ्या की 'विचार करू नकोस' हा हुकूम चालत नाही. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि आला तर घंटी वाजवायला लावली. घंटी वाजतच राहिली. पुढे मोकळीक दिल्यावर ह्याच लोकांना अस्वल जास्त आठवलं. 'येऊ नये' हे बघण्यासाठी मनाला आत डोकावून 'आला का?' असं सारखं बघावं लागतं, आणि बघण्यातच तो येतो.

म्हणून बंदी घालायची नाही, वेळ द्यायची. रोज एकच वेळ, एकच जागा, २० ते ३० मिनिटं. संध्याकाळी साडेपाच-सहा ठीक. रात्री नऊनंतर नको आणि अंथरुणात तर मुळीच नको, नाहीतर उशी दिसली की चिंता सुरू, अशी गाठ बसते. दिवसभरात विचार आला की चिठ्ठीवर दोन-तीन शब्द टिपायचे, 'सहा वाजता' म्हणायचं, आणि हातातल्या कामाकडे परत. सहा वाजता चिठ्ठी घेऊन बसायचं आणि खरोखर चिंता करायची. गजर वाजला की उठायचं.

बसल्यावर प्रत्येक ओळीला एकच प्रश्न : ह्यात माझ्या हातात काम आहे का? आमच्या भागातलं उदाहरण. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबाग फुलोऱ्यात आहे आणि ढग आलेत. 'डाऊनी येईल' (डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग) ह्यात काम आहे : औषध घरात आहे का, ब्लोअर चालू आहे का, फवारणी कोण आणि किती वाजता करणार, सरीतलं पाणी निघायला वाट आहे का. काम, माणूस, वेळ, तिन्ही लिहिलं की ती ओळ चिंतेतून कामाच्या यादीत गेली. 'ह्या वर्षी बेदाण्याला भाव मिळेल का' ह्यात नोव्हेंबरात काम नाही. ती ओळ तशीच ठेवा. तिला 'अनिश्चित' एवढंच लिहा आणि ती अस्वस्थता मिनिटभर अंगावर घ्या.

फसण्याचं मुख्य कारण म्हणजे मोबाइल. हवामानाचा अंदाज तासाला सहा वेळा बघितला की प्रत्येक वेळी दोन मिनिटं बरं वाटतं. ते बरं वाटणंच पुढच्या वेळी बघायला लावतं. अंदाज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. अंदाजाची नवी बातमी जेव्हा येते तेव्हाच बघण्यात अर्थ आहे. दुसरं कारण, लोक दोन दिवस करून सोडतात. पहिल्या आठवड्यात विचार 'सहा वाजता'ला जुमानत नाही. दोन-तीन आठवड्यांनी जुमानायला लागतो.

पेठेतला (सांगली)

हे मात्र जमण्यासारखं आहे. विशेषतः मोबाइलचं.

काळीमाती (इस्लामपूर)

सगळं मनावर का ढकलताय? मुळात कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं पाणी ५१९.६० मीटरवर कधी आणि किती धरून ठेवायचं, हा प्रश्न आहे. त्यावर बोला. माणसांना शांत बसायला शिकवलं की जाब विचारायचा राहतो.

कृष्णाकाठ (सांगली)

काळीमाती, अलमट्टीवर वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. इथे नको, सगळी चर्चा तिकडे वाहून जाईल.

विवेकवेल (विटा)

पण त्यांचा मुद्दा सोडू नये असं वाटतं. शांत होणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. 'त्यांनी असं वागताच कामा नये' ह्या संतापात रात्रभर कुढणं आणि दुसऱ्या दिवशी पातळीच्या नोंदी जमवून, चार जणांच्या सह्या घेऊन निवेदन देणं, ह्यात दुसरं थंड डोक्यानेच जास्त चांगलं होतं. च काढला म्हणजे मागणी मागे घेतली असं होत नाही.

दंडोबा (कवठेमहांकाळ)

काळीमाती यांच्या बोलण्यात आणखी एक खरी गोष्ट आहे आणि ती ठासून सांगायला हवी.

'तुझा त्रास तुझ्या विचारामुळे' हे वाक्य स्वतःसाठी औषध आहे, दुसऱ्याच्या तोंडावर मारलं तर दगड आहे. कर्ज डोक्यावर असलेल्याला, घरात मार खाणारीला, नुकतंच माणूस गेलेल्याला हे सांगू नका. तिथे आधी पैसा, सुरक्षितता, सोबत. दुःखाच्या जागी दुःख होणं हा विचारातला दोष नाही.

दुसरं, मर्यादा. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटतंय, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडली आहे, कामं होत नाहीत, तर वही पुरेशी नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या, त्यांच्या गडबडीत मन असंच वागतं. जीव नकोसा वाटत असेल तर एक तासही थांबू नका. घरात कीटकनाशक असेल तर ते दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात जाऊ दे, माणसाला एकटं सोडू नका, आणि टेलिमानसला १४४१६ वर फोन लावा. ही सरकारी सेवा २०२२ पासून चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि आनापान, दहा दिवसांचं मौनाचं शिबिर सगळ्यांना मानवत नाही. ज्यांना पूर्वी मोठा मानसिक आजार झाला आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

आनापान (मिरज)

मान्य. शिबिराच्या अर्जातही आजार आणि चालू औषधं विचारतात. ती खरी लिहावीत, लपवू नयेत.

मेणवली (वाई)

विचार दिसायच्या आधीच अंग थरथरायला लागतं, श्वास कोंडतो, त्याचं काय? तिथे कुठला विचार?

दंडोबा (कवठेमहांकाळ)

तिथे विचार शरीराविषयीच असतो. छाती धडधडली, 'अ‍ॅटॅक आला' हे वाक्य वीजेसारखं येऊन गेलं, त्याने अ‍ॅड्रेनलिन आणखी वाढलं, छाती आणखी धडधडली. हे चक्र साधारण दहा मिनिटांत शिखरावर जातं आणि मग उतरतं.

पण छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल, हात-जबड्यात कळ जात असेल, घाम फुटत असेल, तर विचार वगैरे बाजूला ठेवा आणि आधी दवाखाना गाठून ईसीजी काढा. हृदय ठीक आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच पुढचं.

श्वास नाकाने चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं. बाहेरचा लांब असणं महत्त्वाचं. 'खोल श्वास घ्या' हा सल्ला इथेच फसतो. माणूस भराभर मोठे श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि तेच 'काहीतरी गंभीर आहे' असं वाटायला कारण मिळतं. श्वास मोठा नको, सावकाश हवा.

यवतेश्वर (सातारा)

छोटी भर. 'वाट लागली' सारखं वाक्य डोक्यात अडकलं असेल तर ते मोठ्याने, भराभर, अर्धा-पाऊण मिनिट म्हणा. वाटलागलीवाटलागली. थोड्या वेळाने अर्थ गळून पडतो, नुसते आवाज उरतात. टिचनर ह्या मानसशास्त्रज्ञाने शब्दांचा हा गुण शंभर वर्षांपूर्वीच सांगितला होता. खऱ्या धोक्याच्या वाक्यावर हे करू नका, घोकंपट्टीवर करा.

कृष्णेचंपाणी (हरिपूर)

दुसरा प्रश्न राहिलाच. धोका खरा असेल तर?

आकड्याला काम बांधा. मनाने रात्रभर जे ठरवायचं असतं ते आधीच कागदावर ठरवून ठेवायचं. त्यासाठी एक माहिती हवी : आयर्विनला किती फूट झाल्यावर आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं, आणि किती झाल्यावर उंबऱ्याला लागतं. हे प्रत्येक घराचं वेगळं असतं, जुन्या शेजाऱ्यांना पाठ असतं. भिंतीवरची जुनी पूररेषाही बघा.

समजा गल्लीचा आकडा ४३ आहे. मग कागद असा :
३० फूट : कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, सात दिवसांची औषधं, मोबाइलची बॅटरी, पाहुण्यांना एक फोन.
३५ : धान्य, गाद्या, मिक्सर-फ्रीज वर. गाडी उंच जागी.
३८ : म्हातारी माणसं, लेकरं, जनावरं हलवायची. रात्री नाही, उजेडातच.
४० : मेन स्विच बंद, सिलिंडर बंद करून बांधलेलं, कुलूप लावून आपणही बाहेर. ४३ ची वाट बघायची नाही.

प्रत्येक ओळीपुढे माणसाचं नाव. कागद फ्रीजवर नको, फ्रीज हलतो. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. मग २९ फुटांवर मनाने '५७ झाले तर' म्हटलं, तर त्याला उत्तर द्यायची गरजच नाही. बोट कागदाकडे करायचं. २९ ला काही काम लिहिलेलं नाही, झोपायचं.

द्राक्षवेल (तासगाव)

ह्याला जोड : पातळी बघायची वेळही कागदावरच लिहा. ३५ पर्यंत दिवसातून तीनदा, ३५ नंतर दर दोन तासांनी एकाच माणसाने. बाकीच्यांनी त्याला विचारायचं, मोबाइलला नाही.

काळीमाती (इस्लामपूर)

हा कागद गल्लीतल्या गणेश मंडळांनी छापून वाटावा. मी आमच्याकडे विषय काढतो.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे आभार, मागितलं होतं त्याहून जास्त मिळालं. नमुना म्हणून एक पान भरलंय, चूक असेल ती दाखवा.

घटना : संध्याकाळी ७ वाजता आयर्विन ३१ फूट, विसर्ग वाढवल्याची बातमी.
परिणाम : पोटात गोळा, जेवण गेलं नाही.
विचार : 'रात्रीत पाणी घरात येईल आणि मला काहीच सुचणार नाही.' (८५)
तपासणी : आपल्या गल्लीचा आकडा ४४. अजून १३ फूट बाकी. ३० ची कामं झाली आहेत. सुचायची गरज नाही, कागदावर लिहिलेलं आहे.
नवा विचार : 'पाणी वाढू शकतं. वाढलं तर ३५ ला पुढची कामं सुरू करायची. मी शांत राहिलंच पाहिजे.' (५०)

विवेकवेल (विटा)

पान उत्तम भरलंय. शेवटच्या वाक्यातल्या च ला गोल करा आणि ते वाक्य पुन्हा लिहा. पोटातला गोळा राहिला तरी ३५ ची कामं होतात, असं काहीतरी. आणि जेवायच्या आधी भरलंत की नंतर, तेही लिहीत जा. उपाशीपोटी आकडे वर जातात.

कृष्णाकाठ (सांगली)

आधीच भरलं होतं. बदलते. उद्याचं पान जेवल्यावर टाकते इथे.